लॉग पुसून काय मिळवलंस?

काल रात्री मी तुला फारसं बोललो नाही. बाहेर माणसं उभी होती. कुरखेड्याच्या रस्त्यावरच्या गावांमधून ट्रॅक्टर भरून धान आलं होतं, काटा थांबला होता, आणि त्या लोकांदेखत स्वतःच्या विद्यार्थ्याला उभं-आडवं घेणं मला पटलं नाही. आता घरी बसून लिहितो आहे. वाचताना मध्ये कुणाचा फोन घेऊ नकोस.

"सर, सर्व्हरच बिघडला जी. मोठी मशीन घ्यावी लागते." मी दारात चप्पल काढत होतो तेव्हा तुझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. तोवर तू लॉग उघडला नव्हतास, कर्नलची नोंद पाहिली नव्हतीस, डिस्कवर जागा किती उरली हेसुद्धा विचारलं नव्हतंस. तरी निकाल तयार होता, आणि त्या निकालात धान खरेदी संस्थेचे पैसे खर्च होणार होते. ते पैसे धान विकणाऱ्यांचे आहेत. तुला हे बोलताना लाज वाटली नाही, याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. सर्व्हर पडतात. माझ्या हातून पडले आहेत. पण न पाहता बोलायचं मी तुला कधी शिकवलं?

तू काय केलंस ते क्रमाने लिहितो, कारण तू स्वतः कुठेच लिहिलेलं नाही. काल सकाळी अकरा वाजता, खरेदी ऐन भरात असताना, खरेदीच्या मुख्य टेबलावर शेतकऱ्याचं नाव आणि गाव यांचा इंडेक्स बांधायला घेतलास. साधा क्रिएट इंडेक्स. तो चालू असताना टेबल वाचता येतं, पण त्यात नवं काही लिहिता येत नाही. म्हणजे काट्यावरच्या पोराने वजन टाकलं की पडदा गोठणारच. तुला ते कळलं नाही. तू त्याला "नेट स्लो आहे" म्हणून सांगितलंस. थोड्या वेळाने सगळ्यांचीच जोडणी तुटली. पोस्टग्रेस, म्हणजे आपला डेटाबेस, आपलं आपण पुन्हा उभं राहिलं. दोन वाजता तू तीच आज्ञा दिलीस, एक अक्षर न बदलता. पुन्हा तेच. मग "कचरा फार झाला" म्हणून लॉगच्या फोल्डरमधल्या फायली पुसल्यास. पाच वाजता तिसरा प्रयत्न केलास, आणि या वेळी सर्व्हर उठलाच नाही.

आपल्या जिल्ह्यात रेल्वे म्हटली की वडसा. गोंदिया-बल्लारशाच्या रुळांच्या आवाजात तू वाढलास. स्टेशनात गाड्यांची नोंद ठेवायचं रजिस्टर असतं. कुठली गाडी किती वाजता आली, सिग्नल केव्हा दिला, सगळं त्यात लिहिलेलं. कुठे अपघात झाला तर आधी ते रजिस्टर ताब्यात घेतात, मग माणसांना विचारतात. तू रजिस्टर फाडून टाकलंस आणि मग मला विचारलंस, "सर, काय झालं असेल?"

नशीब तुझं, की मरणाची नोंद दोन ठिकाणी होते. पोस्टग्रेसचा लॉग तू पुसलास, पण लिनक्सच्या कर्नलने आपली वही वेगळी ठेवली होती. मी जर्नल उघडलं, तेव्हा तू माझ्या खांद्यावरून पाहत होतास. अकरा वाजून काही मिनिटांनी आणि दोन वाजून काही मिनिटांनी, दोन्ही वेळा एकच ओळ होती: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे पोस्टग्रेसचं नाव. मेमरी संपली की कर्नल एखादी प्रक्रिया निवडून तिला सिग्नल ९ देतो. तो सिग्नल आला की आवराआवर करायला वेळच मिळत नाही. पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी अचानक गेली की सामायिक मेमरी अर्धवट लिहिलेली असू शकते, म्हणून मुख्य प्रक्रिया बाकीच्या सगळ्यांना बंद करून नव्याने सुरुवात करते. यालाच तू "सर्व्हर बिघडला" म्हणालास. सर्व्हर तुझा डेटा वाचवत होता.

सिग्नल ९ ऐवजी ११ असता, तर मी पूर्णपणे वेगळ्या वाटेने गेलो असतो: एखादं खराब एक्स्टेंशन, प्रोग्रॅममधला दोष, सडलेली रॅम. एका आकड्याने दिवसाचं काम बदलतं. म्हणून तो आकडा वाचायचा असतो.

आता मेमरी का संपली. तुझी कॉन्फिग फाइल पाहिली. मशीनमध्ये आठ जीबी मेमरी. शेअर्ड बफर्सना त्यातले चार दिलेस. मेंटेनन्स वर्क मेम, म्हणजे इंडेक्स बांधताना क्रमवारी लावायला वापरायची मेमरी, तीही चार जीबी. त्यावर अहवाल काढायचा जावा प्रोग्रॅम त्याच मशीनवर. बेरीज करायला तुला कॅल्क्युलेटर लागतो का? "सर, हे सेटिंग एका मोठ्या कंपनीत चालते," असं म्हणालास. त्या कंपनीच्या मशीनमध्ये किती मेमरी आहे हे विचारलंस का? पोस्टग्रेस स्वतःहून ही मर्यादा ६४ एमबी ठेवतं. ६४ एमबीतसुद्धा इंडेक्स बांधून होतो.

कसा होतो ते पुन्हा सांगतो. वर्गात सांगितलं होतं तेव्हा तू मागच्या बाकावर होतास. हंगाम संपल्यावर वर्षाच्या सगळ्या पावत्या गावाप्रमाणे लावायच्या आहेत असं समज. सगळ्या एका टेबलावर मावत नाहीत. मग जेवढ्या मावतात तेवढ्या घेऊन लावायच्या, त्यांचा गठ्ठा बांधून जमिनीवर ठेवायचा, पुढच्या घ्यायच्या. शेवटी सगळे गठ्ठे उघडून वरवरची पावती उचलत एकत्र लावत जायचं. बी-ट्री बांधताना पोस्टग्रेस हेच करतं: आधी सगळ्या नोंदींची क्रमवारी लावणं, मग तळापासून वरपर्यंत पानं रचणं. टेबल छोटं असलं तर गठ्ठे जास्त होतात, वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच. तू काय केलंस? खोलीतली सगळी माणसं बाहेर काढून टेबल वाढवायला निघालास, आणि कर्नलने तुलाच बाहेर काढलं. शिवाय ऑटोव्हॅक्युमला वेगळी मर्यादा दिली नाही, तर त्याच्या प्रत्येक कामगारालाही हाच आकडा लागू होतो. असे कामगार एका वेळी तीन असू शकतात. हे पोस्टग्रेसच्या पुस्तिकेत त्याच परिच्छेदात लिहिलेलं आहे, जिथून तू सेटिंगचं नाव उचललंस. नाव वाचलंस आणि पुढच्या चार ओळी सोडल्यास.

इथपर्यंत मी तुला माफ केलं असतं. मेमरीचा हिशेब अनेकांचा चुकतो.

तिसऱ्या वेळी मात्र काय झालं हे ऐक. तिसरा अपघात पहिल्या दोन्हींसारखा नव्हताच. पाच वाजताच्या वेळेला कर्नलच्या वहीत मेमरीची ओळ नाही. तुझ्या पुसण्यानंतर तयार झालेल्या नव्या लॉगमध्ये शेवटची ओळ 'पॅनिक'ची होती: डिस्कवर जागा नाही, वॉल (बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंद) लिहिता येत नाही. तीन वेळा पडला, कारणं दोन. तू तिन्ही एकाच गोणीत भरलेस.

जागा का संपली, तेही तुझ्याच हातचं. दिवाळीत तू दुसऱ्या मशीनवर चालती प्रत ठेवायचा प्रयोग केलास आणि मंडईची नाटकं सुरू झाल्यावर तो अर्धा सोडलास. प्रत बंद पडली, पण तिच्यासाठी केलेला रेप्लिकेशन स्लॉट मुख्य सर्व्हरवर तसाच राहिला. स्लॉट म्हणजे वचन: 'तुझा माणूस येऊन वाचेपर्यंत मी वॉलच्या फायली टाकणार नाही.' माणूस आलाच नाही. सर्व्हर वचन पाळत राहिला, फायली साठत राहिल्या. त्यात इंडेक्स बांधायचा म्हणजे अख्ख्या इंडेक्सची पानं वॉलमध्येही लिहिली जातात. शेवटची काडी ती ठरली. साध्या तात्पुरत्या फायलींना जागा कमी पडली असती, तर फक्त तुझी आज्ञा एरर देऊन थांबली असती आणि बाकी सगळे काम करत राहिले असते. वॉलला जागा नसेल तर पोस्टग्रेस थांबतं, कारण न लिहिता पुढे जाणं म्हणजे खोटी पावती देणं. एरर आणि क्रॅश यांतला हा फरक तुला माहीत असता, तर तू आधी डिस्क पाहिली असतीस.

आणि मग तू ते केलंस ज्यासाठी मी ही वही उघडली. माझ्या डोळ्यांसमोर तुझा हात पीजी वॉल फोल्डरवर गेला. "सर, इथं फार लॉग साचले जी, उडवू का?" मी तुझा हात धरला. इतक्या वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याचा हात मी असा धरला नव्हता.

त्या फोल्डरचं जुनं नाव पीजी एक्सलॉग होतं. जगभर माणसं 'लॉग' हा शब्द पाहून जागा करायला तो पुसत राहिली आणि डेटाबेस गमावत राहिली, म्हणून २०१७ साली दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव बदलावं लागलं. नाव बदलूनही तू तेच करायला निघाला होतास. वॉल ही डायरी नव्हे, तो डेटाबेसचा अर्धा जीव आहे. बदल आधी तिथे लिहिला जातो, टेबलाच्या फायलीत नंतर जातो. पडल्यावर सर्व्हर उठतो तो तिथूनच वाचून उठतो. ते पुसलं असतंस तर दुसऱ्या दिवशी तू कुठून तरी पीजी रीसेटवॉलची आज्ञा शोधून आणली असतीस, सर्व्हर उठलाही असता, आणि कुठली नोंद खरी, कुठली अर्धी, हे कुणालाही सांगता आलं नसतं. मी काय केलं ते आठव. दोन जुने डंप बाहेरच्या डिस्कवर हलवले, सर्व्हर सुरू केला, तो बेवारस स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला. पोस्टग्रेसने नको असलेल्या फायली स्वतःच काढल्या. पाव तासाचं काम. तुला ते जमलं नाही याचं दुःख नाही. तू वेळीच थांबून विचारलं नाहीस याचं आहे.

२०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने रात्री, प्रत बिघडली म्हणून, डेटाचं फोल्डर पुसायला घेतलं. चुकीच्या मशीनवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं तोवर ३०० जीबीपैकी साडेचार उरले होते. मग बॅकअप शोधले. रोजचा डंप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डंप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता आणि तो अपयशी झाल्याची ई-मेल पत्रं वाटेतच अडवली जात होती. कुणीतरी सहज सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर ते तरले. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. पण त्यांनी काय केलं? सगळं जगासमोर, मिनिटामिनिटाचं, लिहून काढलं. तू लॉग पुसलास.

तुझ्या कॉन्फिगमध्ये आणखी दोन ओळी आहेत ज्यांबद्दल तू मला सांगितलं नाहीस. मी नंतर पाहिल्या. एफसिंक बंद. सिंक्रोनस कमिट बंद. "इंडेक्स लवकर व्हावा म्हणून." एफसिंक बंद म्हणजे डेटा डिस्कवर खरोखर उतरला का, याची खात्री करणं सोडून देणं. नुसती पोस्टग्रेसची प्रक्रिया मेली तर त्यात चालून जातं, पण लाइट गेली किंवा मशीन बंद पडली तर फायली वेड्यावाकड्या होऊ शकतात. आणि तू हे कुठे केलंस? वडशात! पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे तुझ्या आईला विचार. यूपीएसची बॅटरी केव्हा बदलली, तेही विचार.

सिंक्रोनस कमिट बंद ठेवल्याने फायली बिघडत नाहीत. त्याचा धोका लहान आहे, आणि मला तो जास्त डाचतो. त्यात सर्व्हर "झालं" म्हणतो, पण ते "झालं" वॉलमध्ये उतरायला सेकंदाचा अर्धा-पाऊण भाग मागे असू शकतो. तेवढ्यात सर्व्हर पडला तर ते "झालं" खोटं ठरतं. काल ट्रॅक्टरपाशी एक बाई बसली होती. हिरव्या पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, सगळं नीट घडी करून. तिसऱ्या वेळी तू शहाणपणाने कन्करंटली, म्हणजे टेबलातलं लिहिणं न थांबवता इंडेक्स बांधायचा पर्याय, लावलंस, म्हणून काटा चालू राहिला होता. तिचं वजन झालं, पावती छापून हातात आली, आणि त्याच मिनिटाला सर्व्हर गेला. पावती तिच्याकडे आहे. टेबलात नोंद आहे का?

ती पिशवी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेव. सातबारा गटनंबरप्रमाणे असतो. आठ-अ त्याच जमिनी खातेदाराप्रमाणे दाखवतो. तुझं टेबल म्हणजे सातबारा, तुझा इंडेक्स म्हणजे आठ-अ. आठ-अ हरवला तर सातबाऱ्यांवरून पुन्हा तयार होतो. उलटं होत नाही. मग इंडेक्स बांधण्याच्या घाईत तू मूळ टेबलाचा जीव का धोक्यात घातलास? इंडेक्स नसता तर एक अहवाल दहा मिनिटं उशिरा निघाला असता. तेवढंच.

तू म्हणशील, सर, कधी कधी दोष प्रोग्रॅमचाच असतो. असतो. कन्करंटली इंडेक्स बांधताना नोंदी गळण्याचा एक दोष पोस्टग्रेसमध्ये वर्षानुवर्षं होता. फेब्रुवारी २०१७ च्या दुरुस्तीत तो गेला. चौदाव्या आवृत्तीत त्याच जातीचा दुसरा शिरला, तो जून २०२२ मध्ये १४.४ ने काढला. पण हे दोष ज्यांनी शोधले त्यांनी "सर्व्हर बिघडला जी" म्हणून शोधले नाहीत. पान उघडून, नोंद मोजून, पुन्हा घडवून दाखवून शोधले.

तुझ्याकडे शंका घेण्याजोगी एक जागा खरोखर आहे, आणि ती तू पाहिली नाहीस. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर गेलास, डेटाचं फोल्डर तेच ठेवलंस. त्या दोन्हींच्या मध्ये ग्लिबसीची, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीची, २.२८ ही आवृत्ती येते, आणि तिच्यात अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. जुन्या क्रमाने रचलेला नावांचा इंडेक्स नव्या क्रमाने शोधला की असलेली नोंद सापडत नाही, आणि युनिक असूनही एकच नोंद दोनदा घुसू शकते. सर्व्हर पडत नाही, ओरडत नाही. शेतकऱ्याला सांगितलं जातं, "तुमचं नाव नाही." मजकुरावरचे सगळे जुने इंडेक्स रीइंडेक्स करावे लागतील, रात्री, एकेक करून.

आणि हेही समज, की इंडेक्स बांधणं म्हणजे टेबलाचं प्रत्येक पान वाचणं. रोजच्या कामात पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीकडे कुणी जात नाही. डिस्कवर तिथे किडलेलं असेल तर कळत नाही. मामा (माजी मालगुजारी) तलाव अर्धा असताना पाळीतली वरची भेग दिसत नाही, तलाव भरला की तिथून पाणी सुटतं. म्हणून बांधताना एखाद्या पानापाशी एरर आली, तर बांधणीला दोष देऊ नकोस, डिस्क तपास. तुझ्या टेबलात तसं काही निघालं नाही. पूर्ण डंप मी रात्री घेतला, तो शेवटपर्यंत गेला, म्हणजे पानं वाचता येतात. पण डंपमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या असते, इंडेक्स नसतो. परत भरताना सगळे पुन्हा बांधले जातात. तुझी सेटिंग्ज तशीच राहिली असती, तर संकटाच्या दिवशी बॅकअप परत भरतानाही सर्व्हर असाच मेला असता. हे वाचून तुझ्या पोटात गोळा आला पाहिजे. माझ्या पोटात आला होता.

आता काम. एफसिंक आणि सिंक्रोनस कमिट आज रात्रीच चालू कर, माझ्या फोनची वाट पाहू नकोस. मेंटेनन्स वर्क मेम २५६ एमबी, शेअर्ड बफर्स दोन जीबी. जावाचा अहवाल दिवसा बंद. तिसऱ्या प्रयत्नातला अर्धवट इंडेक्स अजून तिथे पडून आहे. त्याच्यावर 'अवैध' असा शिक्का आहे, शोधाला तो वापरला जात नाही, पण प्रत्येक नव्या नोंदीचं ओझं तो वाहतो आहे. तो काढ. मग डंप जुन्या लॅपटॉपवर परत भर, तिथे इंडेक्स बांध, किती वेळ आणि किती जागा लागली ते वहीत लिही. प्रगती पाहायला बाराव्या आवृत्तीपासून वेगळा व्ह्यू आहे, त्यात किती पानं झाली ते दिसतं. तो उघडा ठेव, नुसता पडद्याकडे पाहत बसू नकोस. खऱ्या मशीनवर रविवारी, काटा बंद असताना.

वही घेऊन शनिवारी संध्याकाळी ये. मशीन आणू नकोस. आणि वहीच्या पहिल्या ओळीत मला दुसरं काही नको. हिरव्या पिशवीवाल्या बाईच्या पावतीचा नंबर काट्यावरच्या पोराकडे आहे. तो टेबलात शोध. इंडेक्सवर विसंबू नकोस, पूर्ण टेबल वाचून शोध. नोंद असेल तर वजनासकट उतरव. नसेल तर आधी तिच्या गावाला जा, पावती पाहून नोंद पुन्हा कर, आणि मग माझ्याकडे ये.